बोलावणं आलंय, पण पैसे आपणच भरायचे

प्रश्न:
पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नदीकाठच्या शहरातून एका मुद्राचित्रकाराचं पत्र आलं आहे. वय 53, कला महाविद्यालयात नोकरी, 26 वर्षं झिंकच्या प्लेटवर एचिंग, म्हणजे ऍसिडने रेषा खाऊन घेऊन त्यावरून छपाई. मुंबई, पुणे, दिल्लीत एकल प्रदर्शनं झालेली. 2019 च्या महापुरात त्यांच्या स्टुडिओत पाणी शिरलं आणि प्लेटा कितीतरी दिवस पाण्यात राहिल्या. नंतर त्याच प्लेटांवरून त्यांनी काही ठसे, म्हणजे कागदावरची छापील चित्रं, काढून पाहिले. गेल्या तीन वर्षांत परदेशातल्या चार रेसिडेन्सींना (कलाकारांनी काही आठवडे राहून काम करायच्या ठिकाणांना) अर्ज केले, चारही नाकारले गेले. आता स्पेनमधल्या एका संस्थेकडून ‘आपली निवड झाली आहे’ असं पत्र आलंय: चार आठवडे, शुल्क 2,800 युरो, त्यातले एक तृतीयांश दहा दिवसांत आगाऊ. ते विचारतात, ‘भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून जाऊ का? खरं तर इतक्या वर्षांच्या कामानंतर बोलावणं आपण होऊन यायला हवं, अर्ज करत फिरणं जिवावर येतं. माझं वय आड येतंय की इंग्रजी? आई 81 वर्षांची आहे, तिला फार दिवस सोडून राहता येणार नाही.’

उत्तर:
नमस्कार. आधी त्या दहा दिवसांचं बघू, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. पैसे पाठवू नका. निदान या दहा दिवसांत तरी नको.

ही फसवणूकच असेल असं नाही. युरोपात जुनी घरं, शेतघरं, बंद पडलेले कारखाने भाड्याने घेऊन कलाकार मंडळी अशा रेसिडेन्सी चालवतात आणि येणाऱ्यांच्या शुल्कावर घरभाडं भागवतात. व्यवहार सरळ असतो. तिथे चांगलं काम करून आलेलेही पुष्कळ आहेत. पण ‘निवड’ या शब्दाला तिथे फार वजन देऊ नका. खोल्या भरल्या नाहीत तर संस्था चालत नाही, त्यामुळे पैसे भरू शकणारा बहुतेक अर्जदार निवडला जातो. तुमच्या पत्रातला आनंद खरा आहे, पण चार नकारांनंतर आलेला पहिला होकार असल्यामुळे तो जरा जास्त मोठा वाटतोय, असं पत्र वाचताना जाणवलं.

हिशेब मांडून पाहा. युरो शंभर रुपयांचा धरला तरी शुल्काचेच 2 लाख 80 हजार होतात. विमान भाडं साठ-सत्तर हजार. व्हिसाचे 90 युरो, त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि विमा. जेवण शुल्कात नसेल तर महिन्याचे निदान 400 युरो. कागद-शाई वेगळी. म्हणजे आकडा चार लाखांच्या पुढे जातो, आणि पत्रात कुठेही लिहिलेलं नाही की तिथे एचिंग प्रेस आहे की नाही. संस्थेला चार गोष्टी विचारा: प्रेसच्या पाट्याची रुंदी किती, शुल्कात नेमकं काय येतं, व्हिसा नाकारला गेला तर आगाऊ रक्कम परत मिळते का, आणि गेल्या दोन वर्षांत राहून गेलेल्या दोन मुद्राचित्रकारांशी बोलता येईल का. सरळ माणसं असतील तर उत्तरं दोन-तीन दिवसांत येतात. घाई करणारं दुसरं पत्र आलं, तर प्रश्न तिथेच मिटला.

आता तुमच्या मनातल्या मूळ गोष्टीकडे येऊ. नाव झालेल्यांना बोलावणं येतं, अर्ज करावा लागतो तो उरलेल्यांना, असं तुम्ही धरून चालला आहात. हे अर्धं खरं आहे. इटलीत उम्ब्रियामधल्या किल्ल्यात चालणारी चिवितेल्ला रानिएरी फक्त शिफारशींवर चालते, तिथे स्वतः अर्ज करताच येत नाही. चित्रकार अतुल दोडिया 1999 मध्ये तिथे होते. सिंगापूरची एसटीपीआय ही मुद्राचित्रण आणि हातकागदाची कार्यशाळा 2002 पासून चालू आहे, तीही निमंत्रणावरच. दोडियांनी 2005 मध्ये तिथे काम केलं. डाड या जर्मन विनिमय संस्थेच्या बर्लिनमधल्या कलाकार कार्यक्रमातही दृश्यकलेसाठी नावं निवड समितीच सुचवते.

दुसरी बाजूही तेवढीच मोठी आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं मॅकडॉवेल 1907 पासून चालू आहे. तिथे मोठे पुरस्कार मिळालेले लेखक, संगीतकार, चित्रकार इतरांसारखाच फॉर्म भरतात आणि 30 डॉलर अर्जशुल्क देतात. निवड झाली की राहणं, स्टुडिओ, तिन्ही वेळचं जेवण फुकट. गरज दाखवली तर प्रवासखर्च आणि थोडा स्टायपेंडही मिळतो. मुक्काम सहा आठवड्यांपर्यंत. आपले चित्रकार गायतोंडे 1964 मध्ये आणि तय्यब मेहता 1968 मध्ये न्यूयॉर्कला गेले ते जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या निधीच्या फेलोशिपवर. दोघंही चाळिशीच्या आसपासचे, इथे नाव कमावलेले. त्याच निधीचं काम पुढे एशियन कल्चरल काउन्सिलकडे आलं आणि आज ती संस्था अर्ज घेते. तेव्हा अर्ज करणं हे धडपडणाऱ्या नवख्याचं काम, ही समजूत बाजूला ठेवलेली बरी.

आणि शिफारशीवर चालणाऱ्या ठिकाणांचं म्हणाल, तर नाव सुचवणारे असतात क्युरेटर (प्रदर्शनं आखणारे), संग्रहालयातली माणसं आणि तिथे आधी राहून आलेले कलाकार. त्यांच्याकडे ‘माझं नाव सुचवा’ म्हणून जाऊ नये, ते दोघांनाही अवघड होतं. नवी मालिका झाली की आठ-दहा ठसे आणि चार ओळी असलेली छोटी पीडीएफ वर्षातून एकदा पाठवावी. एवढं बस. त्यासाठी तुमचं काम इंटरनेटवर एका जागी नीट दिसायला हवं. सध्या तुमचे ठसे फेसबुकवर लग्नाच्या फोटोंमध्ये विखुरलेत.

आता ते चार नकार. तुम्ही जोडलेला प्रस्ताव वाचला. त्यात ‘निसर्ग आणि मानव यांच्यातील तुटलेल्या नात्याचा शोध’ घ्यायचा म्हटलं आहे. निवड समितीसमोर असे शेकडो शोध असतात. पुराच्या पाण्यात राहिलेल्या प्लेटांची गोष्ट मात्र तुम्ही आम्हाला लिहिलेल्या पत्रात एका ओळीत येऊन जाते, आणि प्रस्तावात तिचा पत्ताच नाही! झिंक पाण्यात राहिलं की त्यावर पांढरा क्षार धरतो आणि धातू जागोजागी खातो. म्हणजे तुमच्या रेषांवर नदीने आपलं एचिंग केलेलं आहे. त्याचे ठसे तुम्ही काढलेत. हे काम जगात दुसरं कुणी करत नसेल.

मग प्रस्ताव असा लिहून पाहा. 2019 च्या पुरात राहिलेल्या बारा प्लेटा आहेत. घरच्या प्रेसची रुंदी 20 इंच, म्हणून आजवर त्या एकेकट्याच छापल्या. मीटरभर रुंदीच्या प्रेसवर त्या शेजारी-शेजारी मांडून एकाच कागदावर छापायच्या आहेत. पहिले दोन आठवडे चाचण्या, पुढचे चार आठवडे छपाई, आठ प्रतींची आवृत्ती. मागे काय आहे, काय करायचंय, तिथेच का करायचंय आणि किती दिवस लागतील, या चारही प्रश्नांची उत्तरं अडीचशे-तीनशे शब्दांत बसतात. पुराबद्दल, मानवाबद्दल, नात्याबद्दल वेगळं काही म्हणावं लागत नाही.

हे एकदा लिहून झालं की कुठे अर्ज करायचा हेही आपोआप ठरतं. तुमचे चार अर्ज पाहिले तर त्यातल्या दोन ठिकाणी प्रेसच नाही. ती लेखकांसाठी आणि चित्रकारांसाठी उत्तम आहेत, पण समितीला तुमच्या हाती तिथे काय लागणार हे दिसलं नसणार. रेसिडेन्सी आधी आणि काम नंतर, असा क्रम बहुतेकांचा असतो. तो उलटा करा.

तुमच्या कामासाठी पहिलं नाव सुचतं ते बेल्जियममधल्या कास्टर्लीच्या फ्रान्स मासरेल सेंट्रमचं. 1972 पासून ते मुद्राचित्रणासाठीच चालतं, आणि एचिंग, लिथो, स्क्रीन, उठावाची छपाई असं सगळं एका छताखाली आहे. स्वित्झर्लंडच्या प्रो हेल्वेशियाचं दक्षिण आशियासाठीचं कार्यालय नवी दिल्लीत आहे. त्यांच्या स्टुडिओ रेसिडेन्सी साधारण तीन महिन्यांच्या असतात आणि तिथल्या एखाद्या कार्यशाळेशी आधी बोलून ठेवलं असेल तर अर्जाला बळ येतं. पॅरिसची सिते आंतेरनासिओनाल देझार ही तीनशेहून अधिक स्टुडिओंची प्रचंड वास्तू आहे. इथे एक खाचखळगा आहे. त्याच इमारतीत कुणी एखाद्या सरकारच्या किंवा न्यासाच्या खर्चाने राहत असतं, तर शेजारचा दर महिन्याला स्वतः पैसे भरत असतो. म्हणून संस्थेचं नाव पाहू नका, कोणत्या कार्यक्रमाखाली जाताय ते पाहा. शोधण्यासाठी रेस आर्टिस, ट्रान्सआर्टिस्ट्स आणि ऑन द मूव्ह ही तीन संकेतस्थळं पुरेशी आहेत. वॉट्सॅपवर फिरणाऱ्या याद्या बहुधा मुदत उलटलेल्या असतात.

मुदतीवरून आठवलं. अर्जाची शेवटची तारीख आणि प्रत्यक्ष जाणं यात नऊ ते पंधरा महिने जातात. म्हणजे या दिवाळीत अर्ज केलात तर पुढच्या दिवाळीच्या आसपास जाल, आणि महाविद्यालयाच्या रजेचा विचार त्या हिशेबाने करावा लागेल.

वयाचं म्हणाल तर प्रस्थापितांसाठीच्या रेसिडेन्सींत बहुतेक ठिकाणी वरची मर्यादा नसते. 35 किंवा 40 ची अट नवोदितांसाठीच्या कार्यक्रमांना असते. अटी न वाचता अशा ठिकाणी अर्ज केला तर तो समितीपर्यंत पोचतही नाही. इंग्रजीही आड येत नाही, आड येते ती उसनी इंग्रजी. प्रस्ताव आधी मराठीत लिहा, तुम्ही विद्यार्थ्यांना प्लेट समजावून सांगता तसा. मग इंग्रजी येणाऱ्या माणसाकडून साध्या वाक्यांत करून घ्या. भाषांतर कुणी केलं हे कुणी विचारत नाही. व्हिडिओवर मुलाखत असेल तर दुभाषी सोबत बसला तर चालेल का, हे आधी ईमेलने विचारावं. बहुतेक चालतं.

चित्रांच्या फाइलींकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. दहा चित्रं मागितली असतील तर दहाच. त्यातली सात-आठ गेल्या चार-पाच वर्षांतली असावीत, 1998 चं पारितोषिक मिळालेलं काम कितीही लाडकं असलं तरी. काचेच्या फ्रेममधून काढलेले फोटो बाद, त्यात खिडकी दिसते. ठसा भिंतीवर सपाट लावा, दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावरून 45 अंशात दिवे टाका, कॅमेरा बरोबर मध्यावर. कागदाची कड आणि प्लेटचा कागदावर उमटलेला दाब दिसला पाहिजे, नाहीतर मुद्राचित्र आहे की रेखाटन ते कळत नाही. लांब बाजू 2000 पिक्सेलच्या आसपास ठेवा. एक फोटो अगदी जवळून घेतलेला असू द्या, झिंक खाल्लेल्या जागेचा. फाइलीला आडनाव, क्रमांक आणि शीर्षक द्या. माहितीच्या ओळीत वर्ष, तंत्र, सेंटिमीटरमधलं माप आणि आवृत्तीतल्या प्रती. प्लेटचं माप आणि कागदाचं माप वेगळं असतं, दोन्ही लिहा.

शिफारसपत्रं तुम्ही प्राचार्यांकडून आणि एका माजी आमदारांकडून घेतली होती. दोघांनीही तुम्ही सुस्वभावी आणि कष्टाळू आहात असं लिहिलंय. असालच! पण समितीला हवा असतो तो तुमचा ठसा हातात धरून पाहिलेला माणूस: एखादा क्युरेटर, ज्येष्ठ मुद्राचित्रकार किंवा ज्या कार्यशाळेत तुम्ही इतरांसोबत काम केलं तिथला प्रमुख. त्यांना महिनाभर आधी सांगा आणि प्रस्तावाची प्रत द्या, म्हणजे पत्रात प्लेटांबद्दल येईल.

इथे एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. हे काम करायला परदेशीच जायला हवं का? बडोद्याला छाप ही मुद्राचित्रकारांची कार्यशाळा 1999 पासून आहे, दिल्लीत गढीला ललित कला अकादमीचे स्टुडिओ आहेत, भोपाळला भारत भवन आहे. तिथे आठ-दहा दिवस जाऊन दोन-तीन प्लेटा जोडून छापून पाहा. रेल्वेच्या तिकिटात काम होतं आणि त्या चाचणीचे फोटो प्रस्तावाला जोडता येतात, जे कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त बोलतात. आणि आईमुळे बाहेर पडणं या दोन-तीन वर्षांत जमणारच नसेल, तर न्यूयॉर्कच्या पोलॉक-क्रॅस्नर फाउंडेशनचं अनुदान पाहा. चित्रकार, शिल्पकार आणि मुद्राचित्रकारांसह कागदावर काम करणाऱ्यांना ते देशाची अट न घालता देतात, कामाचा दर्जा आणि आर्थिक गरज पाहून. घरी राहूनच काम करता येतं.

जाणं जमणार असेल तर कमी मुदतीचं बघा. जास्त दिवसांची रेसिडेन्सी जास्त मानाची, असं काही नसतं. इटलीत कोमो सरोवराच्या काठचं रॉकफेलर फाउंडेशनचं बेलाजिओ केंद्र साधारण चार आठवड्यांचंच असतं, तिथे जोडीदारालाही नेता येतं. फक्त तिथे कामाचा समाजाशी थेट संबंध पाहतात आणि प्रेसची अपेक्षा ठेवता येत नाही. पुराच्या मालिकेची आखणी, रेखाटनं, लिखाण यासाठी ते ठिकाण. तीन महिन्यांची रेसिडेन्सी दोन तुकड्यांत विभागून मिळेल का, असंही विचारता येतं. क्वचित मिळते. अर्जात नाही, निवड झाल्यावर विचारायचं.

‘पूर्ण अर्थसाहाय्य’ हे दोन शब्द दिसले की वही काढून सहा रकाने आखा: प्रवास, व्हिसा आणि विमा, निवास, रोजचा खर्च, साहित्य, आणि झालेलं काम परत आणणं. संस्थेच्या पत्रात यातला कोणता रकाना भरलाय ते पाहा. बहुधा निवास आणि स्टुडिओ नक्की असतो, प्रवास अर्धामुर्धा, शेवटचा रकाना रिकामाच. आणखी एक गोष्ट अनेकांना ऐनवेळी अडवते. पैसे मिळतात, पण नंतर. तिकीट तुम्ही काढायचं, पोचल्यावर पावती द्यायची, मग रक्कम खात्यात येते. स्टायपेंडचा पहिला हप्ताही पोचल्यानंतर आठ-दहा दिवसांनी पडतो. दीड लाख हाताशी असल्याशिवाय ‘फुकट’ रेसिडेन्सीलाही जाता येत नाही. अमेरिकेतल्या स्टायपेंडमधून परदेशी व्यक्ती म्हणून 30 टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो, आणि कोणत्या व्हिसावर यायचं हे यजमान संस्थेकडूनच लेखी घ्या.

शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा एकच व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत मिळतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. पण उन्हाळ्यात मुंबईच्या केंद्रात वेळच मिळत नाही, तेव्हा तीन महिने आधी लागा. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. यजमानांच्या पत्रात तारखा, राहण्याचा पत्ता आणि कोणता खर्च कोण करणार हे स्पष्ट नसेल तर ते पत्र परत लिहून मागा. ‘आमच्याकडे येत आहेत’ एवढ्याच ओळीवर व्हिसा अडतो.

महाविद्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र लागेल, ते रजेच्या मंजुरीपासून वेगळं असतं. तुमचं महाविद्यालय शासकीय आहे की अनुदानित, हे पत्रात लिहिलेलं नाही. शासकीय असेल तर परदेशी संस्थेचा पाहुणचार स्वीकारण्याआधी परकीय योगदान कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन असतो आणि जाण्याच्या किमान दोन आठवडे आधी तो पोचायला हवा. अनुदानित असेल तर व्यवस्थापनाकडून हे लागू आहे का, ते लेखी विचारून घ्या.

शेवटी प्रेसजवळच्या गोष्टी, कारण निवड झालेले मुद्राचित्रकारसुद्धा इथे आठवडा घालवून बसतात. तुम्ही झिंकवर नायट्रिक ऍसिड वापरता. त्याच्या धुरामुळे युरोपातल्या पुष्कळ कार्यशाळांनी ते बंद केलंय. तिथे तांब्याच्या प्लेटा आणि त्या खाण्यासाठी फेरिक क्लोराइड असतं. त्याच फेरिकमध्ये झिंक टाकलं तर ते उकळल्यासारखं फेसाळतं, तापतं आणि रेषा खडबडीत होते. झिंकसाठी मोरचूद आणि मिठाचं द्रावण वापरतात, पण त्याची खाण्याची गती वेगळी. जुन्या प्लेटा फक्त छापायच्या असतील तर प्रश्न नाही. नव्या रेषा घालायच्या असतील तर तिथे काय मिळतं हे विचारून इथेच चाचणीच्या पट्ट्या करून घ्या. ऍसिड, टर्पेंटाइन, थिनर विमानात नेता येत नाही, सामानातही नाही. प्लेटा मात्र नेता येतात, फक्त बारा प्लेटांचं वजन आधी करून पाहा. तेलाची शाई जाड बसली की वाळायला आठवडा लागतो, म्हणून निघण्याच्या सात दिवस आधी छपाई थांबवायची आणि ठसे टीपकागदात सपाट दाबून ठेवायचे. ओले ठसे नळीत गुंडाळले तर एकमेकांना चिकटतात. आणि करारावर सही करण्याआधी पाहा की संस्था आवृत्तीतल्या किती प्रती ठेवून घेणार. एक-दोन प्रती ठेवणं रीतीचं आहे. त्याहून जास्त मागत असतील, किंवा त्या विकण्याचा हक्क मागत असतील, तर आठऐवजी बारा प्रतींची आवृत्ती काढायची का आणि विक्रीतला तुमचा वाटा किती, हे ईमेलवर ठरवून मगच सही करा.